सहदेव धुरींचा उजवा कौल

मुलुंड पूर्वेला सहदेव धुरी ज्या इमारतीत राहतात, तिथे बातमीला लिफ्ट लागत नाही. ती जिन्यानेच उतरते आणि लिफ्टच्या आधी तळमजल्यावर पोचते. त्यामुळे 'धुरींचं यंदा ठरत नाहीये' ही बातमी मे महिना लागायच्या आत वॉचमनपासून टेरेसवरची टाकी साफ करणाऱ्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक झाली होती. निम्म्यांनी तर विश्वासच ठेवला नाही. लोकसभेला मत कुणाला द्यायचं ते धुरींचं ठरत नाही? ज्या माणसाची मिशीसुद्धा गेली तीस वर्षं एकाच मापाची आहे, त्याचं?

अविश्वास बरोबरच होता. धुरी म्हणजे ठाम माणूस. जन्म परळच्या चाळीतला, वडील गिरणीत, गाव सावंतवाडीच्या अलीकडे, आणि नोकरी सबंध हयात भांडुपच्या एका कारखान्यात. लेथवर लागले आणि फोरमन होऊन निवृत्त झाले. घरात काही ठरवायचं तर ते यांनी ठरवायचं आणि वनमालाबाईंनी मान हलवायची. मताचंही तसंच. मतदानाच्या दिवशी सकाळी आंघोळ करून, कपाळाला गंध लावून धुरी चहाला बसायचे आणि बायकोसमोर बोटं उभी करायचे. दोन बोटं म्हणजे वरून दुसरा, तीन बोटं म्हणजे तिसरा. वनमालाबाई बशीतला चहा संपवून तेवढंच बटण दाबून यायच्या. धुरींच्या वडलांचीही हीच रीत होती. तेव्हा शिक्का होता, एवढाच फरक.

पण यंदा धुरींची बोटं मुठीतच राहिली. त्याला कारणही तसंच होतं. गेल्या खेपेला ज्याला मत दिलं, तो उठून पलीकडे जाऊन बसला. ज्याला पाडण्यासाठी मत दिलं, तो अलीकडे येऊन मांडीला मांडी लावून बसला. लग्नाला जावं, बँड तोच, मांडव तोच, आणि पाटावर नवराच दुसरा, असं धुरींना झालं. आता आहेर द्यायचा कुणाला?

रिंगणात उमेदवार बरेच होते, पण खरी झुंज दोघांची. एकाची प्रचाराची रिक्षा सकाळी यायची, दुसऱ्याची संध्याकाळी. धुरी त्यांना सकाळवाला आणि संध्याकाळवाला म्हणायचे. सकाळी वाटायचं, हाच बरा. संध्याकाळी वाटायचं, हा काय वाईट आहे? बोरिवलीहून मुलगा नितेश फोनवर म्हणाला, "पप्पा, एवढं टेन्शन कशाला घेताय? डोळे मिटून दाबा ना!"

"डोळे मिटून तू फ्लॅट घेतलास," धुरी म्हणाले, "म्हणून अजून गळती चालू हा."

इथवर प्रकरण राजकारणाचंच होतं. त्यात घरचं राजकारण शिरलं ते वालाच्या बिरड्यामुळे.

धुरींच्या खालच्या मजल्यावर अनंत कर्णिक राहतात. विम्याच्या कचेरीतून निवृत्त झालेले, पांढऱ्याशुभ्र केसांचे, आवाज असा की लोण्यावरून सुरी फिरावी. पत्नी जयंतीबाई चार वर्षांपूर्वी गेल्या. तेव्हापासून संध्याकाळी ते आवारातल्या बदामाच्या झाडाखाली बाकावर बसतात. वनमालाबाईही देवळातून येताना त्याच बाकाच्या दुसऱ्या टोकाला टेकतात. मध्ये दोन माणसं सहज बसतील एवढं अंतर असतं. इमारतीने ते मोजून ठेवलं आहे, तेव्हा त्यात काही शोधू नका. पण धुरी चौथ्या मजल्याच्या गॅलरीतून बघायचे, आणि वरून बघितलं की खालची माणसं जवळ जवळ दिसतात, हा लेथवरच्या माणसालाही न सुटलेला दोष.

तर एका दुपारी धुरींच्या पानात कुळथाच्या पिठीऐवजी बिरडं आलं. मोड आलेले, सोललेले वाल, वर ओलं खोबरं.

"ह्यां काय?"

"बिरडां."

"ता दिसता माका. खयसून शिकलंस?"

"कर्णिकांनी सांगल्यांनी. त्यांच्या जयंतीची रीत. खावन तरी बघा."

धुरींनी खाल्लं. दोनदा मागून घेतलं. आणि प्रत्येक घासाला त्यांचा राग वाढत गेला, कारण बिरडं फर्मास झालं होतं. वाईट झालं असतं तर प्रकरण तिथेच मिटलं असतं. चांगलं झालेल्या पदार्थाला नावं ठेवता येत नाहीत आणि ज्याने सांगितलं त्याचं नाव विसरता येत नाही.

त्याच आठवड्यात रात्रीच्या जेवणाला धुरी सहज म्हणाले, "आमचां काय यंदा ठरणां नाय."

वनमालाबाई भात वाढता वाढता म्हणाल्या, "माझां ठरलां."

धुरींचा घास हातातच राहिला. "काय ठरलां?"

"मत."

"कोणाक?"

"मत गुप्त आसता," वनमालाबाई म्हणाल्या आणि आमटी गरम करायला आत गेल्या.

गुप्त! धुरींच्या कानात तो शब्द काशाच्या भांड्यासारखा वाजत राहिला. बेचाळीस वर्षांच्या संसारात त्या घरात गुप्त असं काही नव्हतं. नितेशचं लग्नाआधीचं प्रकरणसुद्धा धुरींच्या आधी शेजाऱ्यांना कळलं होतं. आणि आज ही बाई म्हणते, गुप्त! हा शब्द मालवणी नव्हे. हा शब्द पांढऱ्याशुभ्र केसांचा होता. त्याला लोण्याचा वास येत होता.

झालं. कुणाला मत द्यायचं हा प्रश्न धुरींच्या डोक्यातून निघून गेला आणि त्याच्या जागी दुसराच येऊन बसला: हिचं कुणाच्या सांगण्यावरून ठरलं?

आता रोज संध्याकाळी गॅलरीत कपडे वाळलेत का ते बघायला धुरी चार चार वेळा जाऊ लागले. दोरीवर एकुलता एक टॉवेल. खालून कर्णिकांचा आवाज तुकड्या-तुकड्याने वर यायचा. "जाहीरनाम्यात म्हटलंय..." मग वाहन जायचं. "...तसं नाही वहिनी, याचा अर्थ असा..." मग कुकरची शिट्टी. आणि मग वनमालाबाईंचं हसू. जाहीरनाम्यात हसण्यासारखं काय असतं? असेलही म्हणा. पण धुरींना त्या हसण्यात बिरड्याची चव लागली.

सोसायटीच्या गेटवर त्यांनी कर्णिकांना आडवळणाने गाठलं. "काय साहेब, बायकांचे क्लास घेता म्हणे हल्ली?"

"छे हो, सहदेवराव," कर्णिक हसले. "उलट मीच शिकतोय. वहिनींचे प्रश्न फार नेमके असतात."

तारीफ! तीही त्याच्या तोंडून! आपण बेचाळीस वर्षांत बायकोचा एकही प्रश्न नेमका म्हटला नाही, हे धुरींना आठवलं की नाही ठाऊक नाही. पण जिना चढताना त्यांनी कठड्यावर दोनदा हात आपटला, हे दुसऱ्या मजल्यावरच्या विमलाबाईंनी दाराच्या भिंगातून पाहिलं.

मग त्यांनी देवाला मध्ये घेतलं.

कोकणातल्या माणसाला हे सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी सांगतो. आमच्याकडे गावाचा देव बोलतो. त्याच्या अंगावर ओल्या पाकळ्या नाहीतर तांदूळ चिकटवायचे, गुरवाने गाऱ्हाणं घालायचं आणि वाट बघायची. उजवीकडची पाकळी पडली तर होय, डावीकडची पडली तर नाही. याला कौल म्हणतात. निवडणूक झाली की वर्तमानपत्रवाले जनतेचा कौल म्हणून ओरडतात, तो शब्द त्यांनी इथूनच उचलला आहे. फरक एवढाच, की देवाच्या कौलानंतर पाकळी उठून दुसऱ्या बाजूला जाऊन चिकटत नाही.

वनमालाबाई भिशीला गेल्या होत्या. धुरींनी दार लावलं. पाकळी उडू नये म्हणून पंखा बंद केला. मे महिन्यातला मुलुंडचा पंखा बंद करणं म्हणजे काय तपश्चर्या आहे, ते मुलुंडकरांनाच विचारा. देव्हाऱ्यात गावदेव रवळनाथाचा काचेचा फोटो. जास्वंदीच्या दोन पाकळ्या पाण्यात बुडवून धुरींनी काचेवर चिकटवल्या, एक या खांद्यावर, एक त्या. हात जोडले. गाऱ्हाणं म्हटलं की मागून 'व्हय म्हाराजा' म्हणायला माणसं लागतात. माणसं नव्हती, म्हणून दोन्ही बाजू त्यांनीच सांभाळल्या.

"बा देवा रवळनाथा, आज जो काय ह्यो सहदेव तुझ्या पायाकडे उभो ऱ्हवान इचारता... व्हय म्हाराजा! ह्या वरसाक इलेक्शन लागलाला हा... व्हय म्हाराजा! तर देवा..."

इथे धुरी अडले. विचारायचं होतं, सकाळवाला की संध्याकाळवाला. तोंड उघडलं आणि बाहेर आलं भलतंच.

"...तर देवा, माझ्या बायलेन मत त्या कर्णिकाच्या सांगण्यान ठरवल्यान काय? तसां आसात तर उजवो दी. आपल्या मनान ठरवल्यान आसात तर डावो दी. व्हय म्हाराजा!"

घाम नाकावरून ओघळला. रिक्षावाला खालून ओरडत गेला. आणि धुरींच्या उजव्या हाताकडची पाकळी काचेवरून घसरली, क्षणभर चौकटीला अडली आणि खाली पडली.

उजवा!

त्या दिवसापासून धुरी घरात असे वावरू लागले की जणू भाडेकरू. मीठ कमी पडलं तर मागेनात. वनमालाबाईंनी दिवा लावताना काचेवर चिकटून वाळलेली दुसरी पाकळी पाहिली. "कौल लावलास? मतासाठी?"

"हं."

"काय दिल्यान देवान?"

"दिल्यान जां काय द्यायचां तां," धुरी म्हणाले आणि टीव्हीचा आवाज वाढवला.

पण या कौलाने एक काम केलं. धुरींचं मत ठरलं. कर्णिक ज्याला देणार त्याच्या विरुद्ध द्यायचं! आता कर्णिक कुणाला देणार, ते तेवढं शोधायचं होतं. धुरींनी गॅलरीतून दोन संध्याकाळी टेहळणी केली. सकाळवाल्याच्या कार्यकर्त्याने दिलेला कागद कर्णिकांनी नीट घडी करून खिशात ठेवला. संध्याकाळवाल्याच्या कागदावर त्यांनी वालाची सालं काढून ठेवली. पुरावा आणखी काय हवा? कर्णिक सकाळवाल्याचे, म्हणजे वनमालाही सकाळवाल्याची. तर मग धुरी संध्याकाळवाल्याचे. देशाचं काय ते देश बघून घेईल.

दुसऱ्या दिवशी ते इमारतीत छाती काढून सांगत सुटले, "आपलं ठरलं!" लोकांना हायसं वाटलं. मिशी पूर्वपदावर आली.

मतदानाचा दिवस सोमवारचा. केंद्र जवळच्याच शाळेत. सकाळपासून ऊन असं की शाळेच्या पत्र्यावर पापड भाजावेत, आणि रांग मुंगीच्या पायाने चाललेली. पुरुषांची रांग एका बाजूला, बायकांची तिच्या लगत. धुरी आपल्या रांगेत, वनमालाबाई शेजारच्या रांगेत अगदी हाताच्या अंतरावर, आणि धुरींच्या बरोब्बर मागे कोण? अनंत कर्णिक, पाण्याची बाटली घेऊन.

"वहिनी, पाणी?" कर्णिक धुरींच्या खांद्यावरून बाटली पुढे करत म्हणाले.

वनमालाबाईंनी घेतली, दोन घोट प्यायल्या आणि परत दिली. बाटली धुरींच्या नाकासमोरून गेली आणि नाकासमोरून आली. आपण पाणी आणलं नाही, हा राग वेगळाच. धुरींचा बांध फुटला. कर्णिकांना कळू नये म्हणून ते खास गावच्या बोलीत, दातांतल्या दातांत बायकोला म्हणाले,

"माका सगळां ठावक हा. तू कोणाच्या सांगण्यान मत देतंस तां."

"कोणाच्या?"

"ह्या मागच्याच्या. देवान सांगल्यान माका."

वनमालाबाईंनी डोक्यावरचा पदर मागे सारला. "देवान? कधी?"

"कौल लावलंय तेव्हा. उजवो दिल्यान."

"ह्यां इचारलास तुमी कौलाक? मतासाठी नाय, माझ्यासाठी?" वनमालाबाईंना हसावं की रडावं कळेना. मग त्यांच्या कपाळाला एक आठी पडली. "उजवो म्हंजे खयची बाजू पडली?"

"ही." धुरींनी आपला उजवा हात वर केला. पुढच्या माणसाला वाटलं, कुणीतरी बोलावतंय. तो वळून बघू लागला.

"ही तुमची उजवी! देव तुमच्याकडे तोंड करून बसलो हा मरे! त्याची उजवी खयची?"

धुरींनी हात खाली घेतला. मनातल्या मनात फोटोत शिरून ते पाठमोरे उभे राहिले, मग पुन्हा वळले. लेथवर सबंध आयुष्य गेलं, डावे आटे, उजवे आटे झोपेतही ओळखता येत होते. पण कौल त्यांनी लहानपणी सुट्टीत गावी गेल्यावर वडलांच्या पायांमधून पाहिलेला. उजवी-डावी गुरव सांगायचा, मंडळी मान हलवायची. मुंबईच्या पोरांना देवाची उजवी कधी कोण दाखवतं?

"म्हंजे... देवान डावो दिल्यान?"

"डावोच."

"म्हंजे तू आपल्या मनान..."

"मगे? इतक्या वरसांनी काय दुसऱ्याच्या मनान?"

"आणि तो गुप्त शब्द? तो कोणी शिकवलो?"

"सातवी शिकलंय मी. नागरिकशास्त्रात व्हतो." वनमालाबाई रांगेबरोबर एक पाऊल पुढे सरकल्या. धुरीही सरकले. मग त्या जरा खालच्या आवाजात म्हणाल्या, "तुमी दर खेपेक बोटां दाखवलास. माका कधी इचार करूचो लागलोच नाय. यंदा तुमी गप्प. आधी माका राग इलो. म्हटलां, आता मी काय करू? मग बाकार बसान इचार करूक लागलंय. कर्णिकांक इचारलंय, ह्याचो अर्थ काय, त्याचो अर्थ काय. मत कोणाक देवचां, तां नाय इचारूक. आणि मग एक दिवस ठरलां. बरां वाटलां माका."

धुरी काही बोलणार, तोच मागून लोण्याचा आवाज आला. मालवणी कळत नसली तरी 'कर्णिक' हे नाव कुणालाही कळतं.

"सहदेवराव, माझ्यावर काही चाललंय का? खरं सांगू, माझंच अजून ठरलेलं नाही. पंधरा दिवस वहिनींना विचारतोय, तुमचं कसं ठरलं, जरा सांगा. सांगतच नाहीत! तुमचं बरंय, तुमचं ठरलंय."

धुरींच्या पायाखालची रांग सरकली. ज्याच्या विरुद्ध द्यायचं त्याचंच ठरलेलं नाही! ज्या बायकोशी भांडून द्यायचं तिचं भांडणच नाही! आणि दार आता हातभरावर आलं होतं. संध्याकाळवाला नावाचा त्यांचा निर्धार उन्हातल्या बर्फासारखा पायरीवरच वितळला.

बायकांची रांग आधी हलली. वनमालाबाई आत गेल्या. बोटाला शाई लागताना धुरींनी दारातून पाहिलं. मग पुठ्ठ्याच्या आडोशामागे त्यांचा फक्त पदर दिसत होता. बीप वाजला. फार वेळ लागला नाही. त्या बाहेर आल्या त्या अशा, की जणू देवळातून बाहेर आल्या. धुरींना हेवा वाटला. हा हेवा कर्णिकांचा नव्हता. हा तिच्या त्या एका बीपचा होता.

त्यांची पाळी आली. पुठ्ठ्यामागे ते यंत्रासमोर उभे राहिले आणि वाकून बटणं बघू लागले. नाव वाचायला नव्हे. सकाळी तिने हळदीचे हात धुतले होते, पण नीट धुतले असतील का? एखाद्या बटणावर पिवळा डाग? किंचित ओलसर ठसा? काही तरी?

"काका, काय शोधताय?" टेबलामागच्या बाईंनी विचारलं. "चष्मा हवाय का?"

"नाय, नाय," धुरी ओशाळले.

डाग नव्हता. बटणं सगळी सारखी, कुणीच न दाबल्यासारखी. धुरी सरळ उभे राहिले. सकाळवाला त्यांच्या डोळ्यांपुढे आला, मग संध्याकाळवाला. दोघांनी टोप्या बदललेल्या, दोघांची भाषणं पाठ. त्यांनी स्वतःला एकच विचारलं: दिल्लीत आपल्या नावाने बसणारा हा माणूस उद्या दुपारी आपल्या दारात आला, एकटाच, रिक्षा नाही, भोंगा नाही, तर याला आत घेऊन पाणी देईन का? एकाला उंबऱ्यावरूनच परत पाठवावंसं वाटलं. दुसऱ्याला, चार शब्द सुनावून का होईना, आत घ्यावंसं वाटलं. फार मोठा फरक नव्हता. पण होता. त्यांनी बटण दाबलं आणि बीप संपेपर्यंत बोट उचललं नाही.

बाहेर वनमालाबाई भिंतीच्या सावलीत उभ्या होत्या. धुरी शाईचं बोट पुढे धरून आले, लहान पोरं फटाक्याने भाजलेलं बोट दाखवतात तसे. वनमालाबाईंनी बोट पाहिलं. "चला," म्हणाल्या आणि छत्री उघडून त्यांच्या हातात दिली.

धुरी दहा पावलं चालले. "इचारणंस नाय?"

"काय?"

"कोणाक दिलंय तां."

"नको."

"अगो, मी आपसून सांगतंय ना!"

"सांगू नकात," वनमालाबाई थांबून म्हणाल्या. "माझ्यासारखांच निघालां तर म्हणशात, बघ, मी सांगलंय तसांच केलंस. येगळां निघालां तर पाच वरसां रुसान बसशात. दोनय माका परवडणां नाय."

धुरींना पोटात ठेवलेलं नाव आयुष्यात पहिल्यांदाच एकट्याने पचवायचं होतं, आणि ते आंबट ढेकरासारखं पुन्हा पुन्हा वर येत होतं. तेवढ्यात मागून चपला वाजल्या. कर्णिक घाईघाईने येत होते. त्यांच्याही बोटाला शाई होती, आणि चेहऱ्यावर तीच, नुकतंच काहीतरी केल्याची गंमत.

"झालं बुवा एकदाचं!" ते धापा टाकत म्हणाले. "काय ऊन आहे! वहिनी, तुमच्या छत्रीत मावेन का मी?"

छत्री वनमालाबाईंची, पण धरली होती धुरींनी. ते ताबडतोब दोघांच्या मध्ये शिरले. छत्री त्यांच्याच डोक्यावर आली, आणि एका बाजूने कर्णिक, दुसऱ्या बाजूने वनमालाबाई उन्हात पडल्या. नाक्यावरचा उसाच्या रसवाला बघून हसला.

"द्या ती हडे," वनमालाबाई म्हणाल्या आणि धुरींच्या हातातून छत्री काढून घेऊन झपझप पुढे निघाल्या. दोघे म्हातारे त्यांच्या दोन बाजूंनी, निम्मे सावलीत आणि निम्मे उन्हात, पावलं मिळवत चालू लागले. कर्णिक उन्हाबद्दल काहीतरी बोलत होते. धुरींनी त्यातलं अक्षरही ऐकलं नाही. त्यांचं सगळं लक्ष छत्रीच्या दांड्याकडे होतं, ती कुणाच्या बाजूला झुकते आहे ते बघण्यात.